रडारवर ढग फिका दिसला म्हणजे पाऊस कमीच का?

मुंबईत पावसाचा जोर वाढला की हवामान विभागाच्या रडारची चित्रे व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. रंग पाहून घराबाहेर पडायचे की नाही, हे अनेक जण ठरवतात. पण हा अंदाज चुकू शकतो.

रडार काय मोजते?
रडार पाऊस थेट मोजत नाही. ते सूक्ष्मलहरी सोडते आणि थेंबांवर आपटून परत येणाऱ्या लहरींची ताकद मोजते. थेंबाचा व्यास दुप्पट झाला, तर ही ताकद सुमारे ६४ पट वाढते.

चूक कुठे होते?
मुसळधार पावसातून जाताना लहरी क्षीण होतात. त्यामुळे जोरदार सरीच्या मागे असलेला ढग फिका दिसतो. लहरींची लांबी कमी असेल, तर ही घट जास्त. कुलाब्याच्या एस-बँड रडारच्या लहरी साधारण १० सेंटिमीटरच्या असल्याने तिथे हा परिणाम कमी. २०२२ मध्ये सुरू झालेल्या वेरावलीच्या सी-बँड रडारच्या लहरी ५ सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे अधिक. ड्युअल पोलरायझेशन तंत्राने ही घट बरीच भरून काढता येते.

बर्फाचे काय?
कोरडा बर्फ पाण्यापेक्षा कमी लहरी परतवतो. मात्र वितळू लागलेल्या हिमकणाभोवती पाण्याचा थर येतो आणि रडारला तो मोठा थेंब वाटतो. पावसाळ्यात आपल्याकडेही साधारण ५ किलोमीटर उंचीवर हे घडते. तिथला पाऊस प्रत्यक्षापेक्षा जोरदार भासतो.

काय करावे?
एकाच चित्रावर विसंबू नका. लागोपाठची चित्रे पाहा आणि हवामान विभागाचा इशारा तपासा. लाल पट्ट्यामागे फिका रंग दिसला, तरी निर्धास्त राहू नका.