शेजाऱ्याची गाडी आणि आपला रक्तदाब

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळी दवाखाना उघडून खुर्चीत बसतो न बसतो तोच एक निवृत्त शिक्षक घाईघाईने आत आले. एरवी नंबर लावून, वर्तमानपत्र चाळत शांतपणे बसणारे गृहस्थ. आज मात्र चेहरा लालबुंद आणि हात थरथरत होते. "डॉक्टर, आधी माझं बीपी बघा," म्हणाले. पाहिले तर १९०/११०. गेली काही वर्षे ते माझ्याकडे रक्तदाबाची गोळी घेतात आणि त्यांचा वरचा आकडा १४० च्या पुढे क्वचितच जातो. गोळी चुकली का, लोणचे-पापड जास्त झाले का, रात्री झोप झाली का, असे नेहमीचे प्रश्न मी विचारू लागलो. गुरुजी नुसते मान हलवीत होते. शेवटी त्यांच्या पत्नीनेच हळू आवाजात सांगितले, "अहो डॉक्टर, शेजारच्यांनी आज परत फाटकासमोर गाडी लावली."

एवढेच कारण! वाचकांना हसू येईल. पण हे प्रकरण आठ महिने चालू होते. गल्ली जुनी, सायकलींच्या काळातली. आता प्रत्येक घरी एक-दोन मोटारसायकली आणि चार घरांआड एक चारचाकी. घरे उंच झाली, गाड्या वाढल्या, गल्ली मात्र होती तेवढीच राहिली. शेजारी आपली गाडी अशी लावीत की गुरुजींची स्कूटर बाहेर निघेना. एकदा सांगितले, दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा "रस्ता काय तुमच्या नावावर आहे?" असे उत्तर मिळाले. त्या दिवसापासून गुरुजी पहाटे चारला उठून खिडकीतून गाडी कशी लावली आहे ते पाहू लागले. (हा मजकूर गुरुजींना वाचून दाखवून, त्यांच्या संमतीने छापत आहे. ओळख पटू नये म्हणून किरकोळ फरक केले आहेत.)

माणूस संतापतो तेव्हा शरीराला वाटते की समोर वाघ आला. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी रक्तात अॅड्रेनॅलिन सोडतात. हृदय जोरात धडधडते, त्वचेकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते आणि रक्तातील बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, एकमेकींना चिकटायला तयार होतात. जखम झाली तर रक्त लवकर गोठावे ही त्यामागची योजना. वाघापासून पळताना हे सगळे उपयोगी पडते. पण फाटकात उभे राहून हातवारे करणाऱ्या पासष्ट वर्षांच्या माणसाला त्याचा काय उपयोग? त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत आधीच चरबीचा थर साचलेला असला, तर तो फुटून त्यावर गुठळी धरण्याचा धोका अशाच वेळी वाढतो.

ही भीती मी उगाच घालत नाही. २०१४ साली 'युरोपियन हार्ट जर्नल' या नियतकालिकात अमेरिकेतील संशोधकांनी पूर्वीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. संतापाच्या झटक्यानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता एरवीपेक्षा जवळजवळ पाचपट होते, असे त्यात आढळले. घाबरून जाऊ नका. निरोगी तरुणाच्या बाबतीत मुळातली शक्यता इतकी थोडी असते की ती पाचपट झाली तरी थोडीच राहते. पण ज्यांना मधुमेह, उच्च रक्तदाब आहे, जे तंबाखू खातात, ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे आणि जे दिवसाआड भांडतात, त्यांची बेरीज वेगळी होते.

इंग्लंडात अठराव्या शतकात जॉन हंटर नावाचे मोठे शस्त्रवैद्य होऊन गेले. त्यांना हृदयशूळ होता, आणि मला चिडवणाऱ्या कोणाही टवाळाच्या हाती माझा जीव आहे, अशा अर्थाचे ते बोलत असत. १७९३ साली रुग्णालयाच्या एका बैठकीत वादावादी झाली, ते तणतणत बाहेर आले आणि थोड्याच वेळात कोसळून गेले. स्वतःचा आजार इतका नेमका ओळखणाऱ्यालाही राग आवरता आला नाही, तर तुमची-आमची काय कथा!

पण माझ्या मते खरी गोम भांडणाच्या पाच मिनिटांत नसते, नंतरच्या तेवीस तासांत असते. २०२४ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. निरोगी माणसांना आठ मिनिटे एखादा राग आणणारा प्रसंग फक्त आठवायला सांगितला. भांडण नाही, आरडाओरडा नाही, नुसते आठवणे. तेवढ्यानेही त्यांच्या रक्तवाहिन्यांची सैल होण्याची क्षमता कमी झाली, आणि तो परिणाम चाळीस मिनिटांपर्यंत टिकला. आता गुरुजींचा दिवस पाहा. पहाटे खिडकीतून पाहताना एकदा, चहाच्या वेळी पत्नीला सांगताना दुसऱ्यांदा, कट्ट्यावर मित्रांना सांगताना तिसऱ्यांदा, रात्री मुलाला फोनवर चौथ्यांदा. शेजारी एकदाच गाडी लावून कामाला जातो. गुरुजी दिवसभर ती गाडी डोक्यात लावून हिंडतात.

त्या दिवशी मी त्यांना जादा गोळी दिली नाही याचे त्यांना नवल वाटले. रागाच्या भरात दिसलेला आकडा हा त्या क्षणाचा असतो, त्यावरून औषध वाढवायचे नसते. आतल्या बाकावर त्यांना पाठ टेकून बसवले, बोलू नका म्हटले, वीस मिनिटांनी पाहिले तर १६२/९६. मग आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे शांत बसून, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला ठेवून मोजायला आणि वहीत लिहायला सांगितले. काही जण रागाच्या दिवशी आपणहून दोन गोळ्या घेतात, ते करू नये. पूर्वी आम्ही डॉक्टर मंडळीच रक्तदाबाची एक कॅप्सूल फोडून जिभेखाली देत असू. दाब एकदम कोसळून मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो हे लक्षात आल्यावर ती पद्धत मोडीत निघाली. कोणाच्या घरी तसा जुना चिठोरा जपून ठेवला असेल तर फाडून टाकावा.

मात्र भांडणानंतर छातीत दडपल्यासारखे झाले, दुखणे जबड्याकडे किंवा हाताकडे सरकले, दरदरून घाम फुटला, धाप लागली, तर 'गॅस झाला असेल' म्हणून सोडा पीत बसू नये. तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात पडला, जीभ जड झाली, तर तो पक्षाघात समजावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. अशा वेळी १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने मोठे रुग्णालय गाठा. माझ्या दवाखान्यात येऊन वेळ घालवू नका.

आता शेजाऱ्याचे काय करायचे? हा प्रश्न डॉक्टरचा नव्हे असे कोणी म्हणेल, पण मी स्वतः या परीक्षेत एकदा नापास झालो आहे. माझ्या दवाखान्याला लागून एक घर आहे. माझ्या रुग्णांच्या मोटारसायकली त्या घराच्या दाराशी लागत. तिथले गृहस्थ एके संध्याकाळी बाहेर येऊन सर्वांसमक्ष मला नाही नाही ते बोलले. मीही पांढऱ्या कोटाची लाज सोडून उलट बोललो. दोन वर्षे बोलणे बंद. पुढे त्यांच्या नातवाला ताप आला, तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो आणि कळले की ते एसटीत चालक आहेत, पहाटेच्या गाडीवर ड्युटी असते, संध्याकाळी सातला झोपतात, आणि त्यांच्या खिडकीखाली रोज माझ्या रुग्णांचे हॉर्न वाजत असतात. मी दुसऱ्या दिवशी पलीकडच्या मोकळ्या जागेत गाड्या लावण्याची पाटी लावली. खर्च दीडशे रुपये. दोन वर्षांपूर्वी विचारले असते तर तेव्हाच लावता आली असती.

प्रत्येक तंटा असा सुटेल असे नाही. पण बोलायचेच तर गाडी अडलेली असताना, कामावर जायच्या घाईत बोलू नये. सुटीच्या दिवशी, दोघेही जेवलेले असताना जावे. सगळे कुटुंब पाठीशी घेऊन जाऊ नये, एकट्याने किंवा दोघांनाही मान असलेल्या एका वडीलधाऱ्या माणसाला घेऊन जावे. गच्चीवरून बोलू नये, कारण मग ते सगळ्या आळीशी बोलणे होते आणि समोरच्याला माघार घेता येत नाही. मागची आठ महिन्यांची उजळणी न करता एकच गोष्ट मागावी: "सकाळी दहाला मला स्कूटर काढावी लागते, तेवढी तीन फूट जागा सोडाल का?" आणि आपलेही चुकत असेल तर ते आधी दुरुस्त करावे. घरासमोरचा सार्वजनिक रस्ता आपल्या मालकीचा नसतो. तिथे दगड, कुंड्या, जुने टायर ठेवून जागा धरणे चुकीचेच. तसेच दुसऱ्याच्या फाटकासमोर गाडी लावून वाट अडवणे हेही वाहतुकीच्या नियमांविरुद्ध आहे. गुरुजींच्या दाराशी दोन कुंड्या होत्या, हे मला नंतर कळले.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आपसात भांडण्यापेक्षा सोसायटीला लेखी अर्ज द्यावा. जागेपेक्षा गाड्या जास्त असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून जागा वाटण्याची सोय आदर्श उपविधींत आहे. मोकळी जागा किंवा खांबांखालची जागा बिल्डरला पार्किंग म्हणून वेगळी विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली महाराष्ट्रातल्याच एका सोसायटीच्या प्रकरणात दिला आहे. "मी पैसे मोजलेत" म्हणणाऱ्याने तो माहीत करून घ्यावा.

टायरची हवा सोडणे, काचेवर ओरखडे काढणे, मोबाइलवरच्या गटात टोमणे टाकणे यांतून आजवर कोणाला जागा मिळालेली मी पाहिली नाही. शेजारी दारू पिऊन येत असेल, धमक्या देत असेल, हातात काही घेऊन अंगावर येत असेल, तर मात्र समजुतीच्या गोष्टी करायला जाऊ नका. दार लावा, ११२ ला फोन करा, तारीख-वेळ लिहून ठेवा, पोलीस ठाण्यात निदान अदखलपात्र नोंद करून तिची प्रत घ्या. म्हाताऱ्या माणसांनी तर हे काम घरातल्या धडधाकट, थंड डोक्याच्या माणसावर सोपवावे. आणि एखादा चांगला बोलणारा शेजारी साठीनंतर अचानक भांडखोर, संशयी झाला असेल, तर तो स्वभाव नसून आजारही असू शकतो. स्मृतिभ्रंश, नैराश्य, थायरॉइड, इतकेच काय वाढलेला बहिरेपणासुद्धा माणसाला असा करतो. त्याच्या मुलाच्या कानावर घालावे.

गुरुजींची वही परवा पाहिली. आठवड्याची सरासरी १३८/८६ आली, गोळी तीच ठेवली. कुंड्या आता अंगणात आहेत. शेजारी आठवड्यातले चार दिवस गाडी पुढे घेऊन लावतो, तीन दिवस नाही. त्या तीन दिवसांचे आकडे वहीत लाल शाईने लिहिले होते. मी विचारले, तर गुरुजी म्हणाले, "सवय हो डॉक्टर, पेपर तपासायची."