*वादळानंतर नेट बंद? आधी मोडेमचे दिवे बघा, मग कॉम्प्युटर*



मे-जूनमध्ये आपल्या भंडारा जिल्ह्यात उन्हाळी धानाची कापणी, मळणी आणि खरेदीची नोंदणी एकदमच येते. नेमके याच दिवसांत दुपारनंतर ढग भरून येतात, विजा कडाडतात. रात्री लाईन जाते, सकाळी येते. पण ऑफिसचे नेट येत नाही. सातबारा, आधार, पासबुक घेऊन आलेला माणूस बसून राहतो. नोंदणी नाही तर हमीभावाने विक्री नाही. म्हणून आजचा सल्ला पिकाचा नाही, नेटचा आहे. घरचे वायफाय असो की ऑफिस, तपासणी सारखीच.

*बिघाड कुठे होतो?*
वीज इमारतीवरच पडायला पाहिजे असे नाही. जवळपास पडली तरी झटका लाईनच्या तारेतून आत येतो. फायबरमधली काच वीज वाहून नेत नाही. पण मोडेमचा अडॅप्टर बोर्डाला लावलेला असतो आणि मोडेमपासून कॉम्प्युटरपर्यंतची लॅन केबल तांब्याची असते. झटका याच दोन वाटांनी फिरतो. त्यामुळे पुष्कळदा कॉम्प्युटर चांगला असतो. जळतो तो अडॅप्टर, नाहीतर एखादा पोर्ट.

*या क्रमाने बघा*
१) बोर्ड, वायर ओली असेल तर हात लावू नका. लाईन आल्याबरोबर काही सुरू करू नका, १० मिनिटे व्होल्टेज स्थिर होऊ द्या.
२) मोडेमवर एकही दिवा नाही? त्याच सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावून बघा. चार्जर चालला तर संशय अडॅप्टरवर. नवा घेताना व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त आणि पिन तीच पाहिजे. जुना सोबत न्या.
३) ‘एलओएस’चा लाल दिवा लागला? फायबर तुटली, वाकली किंवा मागून सिग्नलच बंद आहे. हे आपल्या हातचे नाही. मोडेम रिसेट करत बसू नका, तक्रार नोंदवा.
४) ‘पॉन’चा हिरवा दिवा स्थिर, मोबाईलवर वायफाय चालते, पण कॉम्प्युटरवर नेट नाही? केबल मोडेमच्या दुसऱ्या पोर्टला लावा. मग केबल बदला. तरीही नाही, तर कॉम्प्युटरचा लॅन पोर्ट गेला समजा. यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर मिळतो, त्यावर काम होते.
५) चार-पाच कॉम्प्युटर स्विचवर असतील तर सगळ्या केबल काढून एकेक परत लावा. जी लावल्यावर नेट बसते, तिथेच खोट.

तोवर मोबाईलच्या हॉटस्पॉटवर नोंदणीचे काम चालवता येते. नेट बंद आहे म्हणून बाहेर कोणाला ओटीपी देऊन बसू नका.

*ढग दिसताच*
▪️ प्लग आणि लॅन केबल, दोन्ही काढा. नुसते बटन बंद करून भागत नाही. कडकडाट सुरू झाल्यावर मात्र वायरला हात नको.
▪️ स्पाईक बस्टर अर्थिंगशिवाय पुरेसे काम करत नाही. पावसाळ्याआधी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. मोटारीच्या स्टार्टरचेही त्याच दिवशी बघून घ्या.
▪️ हिशेब, सभासद यादी पेन ड्राइव्हमध्ये उतरवा आणि ती काढून ठेवा. कॉम्प्युटरला लावून ठेवलेली पेन ड्राइव्ह त्याच्यासोबत जळू शकते.
▪️ नोंदणीची पावती कागदावर घ्या, मोबाईलमध्ये फोटोही ठेवा.

पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे ‘दामिनी’ ॲप मोबाईलमध्ये ठेवा, आसपासच्या विजेचा इशारा मिळतो. इशारा आला की बांधीतून निघा, झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे आतच राहा. मोडेम नवा मिळतो, माणूस नाही.

हा मेसेज गावातल्या ग्रुपवर पाठवा. नेट अडले तर मोडेमच्या दिव्यांचा फोटो काढून याच नंबरवर टाका, बघून सांगतो.

– तुमचा कृषी सल्लागार