आपोआप प्रवेश आणि नावाची हाक

नुसत्या अक्षरांतून गप्पा चालविणारी आयआरसी ही सोय फिनलंडात १९८८ साली निघाली. संगणक शिकणाऱ्या आमच्या मुलांना तिच्यासाठी 'इर्सी' हा १९९९ सालचा प्रोग्रॅम उपयोगी पडेल. सर्व्हर नोंदविताना 'ऑटो' जोडावे, 'सॅसल'च्या जागी नाव व परवलीचा शब्द द्यावा आणि 'सेव्ह' करावे; पुढे प्रवेश आपोआप होतो. मात्र तो शब्द फाइलीत उघडा लिहिला जातो! सिंधीपुऱ्यातील ज्या घरी एकाच संगणकावर भावंडे, पाहुणे सारेच बसतात, तेथे प्रत्येकाचे खाते वेगळे असावे व ती फाइल इतरांस वाचता येऊ नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. सूचनांचे काम सोपे आहे. हालचाल झालेल्या खिडक्यांचे आकडे तळाच्या पट्टीत उमटतात. कोणी आले-गेले याचीही वर्दी तेथे लागते. ती 'ॲक्टिव्हिटी हाइड लेव्हल'ने बंद करावी. कोणी आपले नाव घेतले की आकडा वेगळ्या रंगात दिसतो, ती वर्दी मात्र ठेवावी.