धून ऐकली की घर का आठवते?



गेल्या पावसाळ्यात अकरावीच्या वर्गाला मी ध्वनी हा विषय शिकवीत होतो. मोबाइल फोनवर आकाशवाणीची जुनी संकेतधून लावली. सकाळचे प्रसारण सुरू होण्यापूर्वी वाजणारी, तंबोरा आणि व्हायोलिनची ती धून. माझा हेतू अगदी साधा होता. बोटभर स्पीकरमधून तंबोऱ्याचा खर्ज बाहेर पडतो का, हे मुलांना दाखवायचे होते. तो जवळजवळ पडतच नाही! खर्जाची मूळ कंपने देण्याइतका तो स्पीकर मोठा नसतो. पण त्या स्वराचे वरचे अंश कानापर्यंत पोचतात आणि त्यांवरून आपला मेंदू मूळ स्वर जणू स्वतःच भरून काढतो.

तास एवढ्यावरच संपायचा. परंतु मागच्या दारात आमच्या प्रयोगशाळेचे परिचर अनुनाद नळी हातात घेऊन उभे होते. ते काटोल तालुक्यातले, निवृत्तीला आलेले. धून संपली तरी ते हलेनात. मग म्हणाले, “सर, हे वाजलं का माय चूल पेटवे.” नळी टेबलावर ठेवली, डोळे पुसले आणि निघून गेले. मुले माझ्याकडे पाहू लागली. यात रडण्यासारखे काय होते?

प्रश्न रास्त आहे. खोलीतली हवा एकच, त्या हवेतल्या ध्वनिलहरी त्याच. साठ मुलांच्या आणि या गृहस्थांच्या कानाच्या पडद्यावर त्या सारख्याच आदळल्या. म्हणजे फरक लहरींत नव्हता. मग तो कोठे होता?

या धुनेचा कर्ता तरी कोण, ते आधी पाहू. वॉल्टर कौफमन हा १९०७ साली कार्ल्सबाड येथे जन्मलेला ज्यू संगीतकार. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. युरोपात हिटलरचे सावट पडू लागले तेव्हा, १९३४ साली, तो मुंबईला आला. पुढे मुंबई नभोवाणी केंद्रावर त्याने नोकरी केली आणि १९४६ साली तो हा देश सोडून गेला. शिवरंजनी रागाची छाया असलेली ही धून त्याची. नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले, तोवर तो येथून गेलेलाही होता. घरापासून हजारो मैल दूर असलेल्या माणसाने बांधलेले हे चार स्वर विदर्भातल्या खेड्यापाड्यांत कोणाच्या तरी आईच्या चुलीशी जोडले जातील, हे त्याच्या स्वप्नातही आले नसेल.

घराच्या आठवणीने होणाऱ्या या हुरहुरीला शास्त्रीय नाव मिळाले ते १६८८ साली. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द बनविला. मराठीत आपण त्याला स्मरणरंजन म्हणतो. होफरच्या मते हा चक्क एक रोग होता! परदेशी सैन्यात नोकरी करणाऱ्या स्विस सैनिकांना तो विशेष जडे. शॉइख्झर नावाच्या दुसऱ्या स्विस पंडिताने तर त्याचे खापर वातावरणाच्या दाबावर फोडले. उंच डोंगरावरचा माणूस सखल प्रदेशात आला की वाढलेल्या दाबाने त्याचे रक्त नीट फिरत नाही, म्हणून तो झुरतो, असे त्याचे म्हणणे. भौतिकशास्त्राचा असा गैरवापर वाचून मला हसू येते. पण कारण शोधण्याची त्याची तळमळ मात्र खरी होती.

खरे मर्म सापडले ते रूसो या विचारवंताला. स्विस गुराखी गाई हाकताना एक सूर आळवीत. तो कानी पडताच सैनिक रडत, पळून जात, म्हणून सैन्यात तो वाजविण्यास मनाई होती, असे रूसोने १७६८ च्या आपल्या संगीतकोशात लिहिले आहे. आणि पुढे एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. परक्या माणसावर या सुराचा काहीच परिणाम होत नाही! म्हणजे जादू सुरात नाही. सूर ही केवळ खूण. ज्याच्याजवळ त्या खुणेला बांधलेली आठवण आहे, त्यालाच ती लागू पडते. आमच्या वर्गात घडले ते नेमके हेच.

आता ही खूण मेंदूत बांधली कशी जाते? कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यातल्या सूक्ष्म केसांच्या पेशी कंपनांचे विद्युतसंकेत करतात आणि ते ज्ञानतंतूंवाटे कानशिलाच्या आतील मेंदूच्या भागात पोचतात. तेथे मेंदू स्वरांची केवळ कंपनसंख्या पाहत नाही, तर त्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण पाहतो. सा २४० हर्ट्झचा असेल तर पंचम ३६० चा. सा ३०० चा केला तर पंचम ४५० चा. आकडे बदलले, पण ३:२ हे प्रमाण कायम. म्हणून पट्टी बदलली तरी चाल ओळखू येते. ध्वनीचा पोतही तसाच महत्त्वाचा. ओळखीच्या गाण्याचा सेकंदाचा दहावा भाग ऐकवला तरी पुष्कळांना गाणे ओळखता आले, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. तेवढ्या वेळात चाल कुठली यायला? आपल्याकडे खंजिरीचा नुसता ठेका पडला की जुन्या माणसांना तुकडोजी महाराजांचे भजन आठवते, तसेच हे.

याच भागाच्या आत, अगदी शेजारी, दोन लहान अवयव आहेत. हिप्पोकॅम्पस हा प्रसंगाचे धागे एकत्र गुंफतो: धूर, उजेड, भांड्यांचा आवाज, आईचा चेहरा. अमिग्डला त्या प्रसंगाला भावनेचा रंग देते. पुढे कधी एक धागा ओढला की बाकीचे त्याच्याबरोबर येतात. पण धागा फार ठिकाणी बांधलेला असेल तर तो कोणतीच एक आठवण नीट ओढून आणत नाही. जे गाणे आपण आयुष्यभर ऐकत राहतो ते सगळ्याच काळाचे होते. जे मागे सुटले तेच त्या काळाला धरून राहते.

आमच्या परिचरांच्या घरी त्यांच्या आईचा एकही फोटो नाही. मी ती धून त्यांच्या फोनवर घालून दिली. काही दिवसांनी विचारले, “ऐकता का?” तर म्हणाले, “नाही सर, रोज वाजवली त सरून जाईन.” मानसशास्त्राचे पुस्तक त्यांनी उघडलेले नाही, हे सांगायला नकोच.

२००९ साली कॅलिफोर्नियातील पीटर यनाटा या संशोधकाने तरुणांना त्यांच्या लहानपणची गाणी ऐकवून त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. आठवण जागी करणाऱ्या गाण्यांच्या वेळी कपाळामागचा मधला भाग अधिक क्रियाशील झालेला दिसला. अल्झायमर या विस्मृतीच्या रोगात हा भाग बराच उशिरा झिजतो. नातवाचे नाव विसरलेले आजोबा जुने भजन मात्र अचूक म्हणतात, त्याचे हे एक कारण असावे. गाण्याने रोग बरा होत नाही, हे मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. तशी आशा दाखविणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका.

आणखी एक सावधगिरी. गाण्याबरोबर आलेली आठवण लख्ख असते, म्हणून ती खरीच असते असे नाही. १९३२ साली बार्टलेट या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की आठवण ही कपाटातली वस्तू नव्हे; आपण ती दर वेळी नव्याने रचतो. परिचरांना धुनेबरोबर अंगणातली चिंच दिसते. त्यांचे थोरले भाऊ म्हणतात, घरी रेडिओ आला तेव्हा चिंच तोडून दोन वर्षे झाली होती! दोघांचेही म्हणणे मी ऐकून घेतले.

साधारण दहा ते पंचवीस या वयातल्या आठवणी माणसाला उतारवयात सर्वाधिक येतात. म्हणजे तुमचे हेच वय, बरे का!

घरी एक प्रयोग करून पाहा. आजी-आजोबांना त्यांच्या तरुणपणची दोन-तीन गाणी विचारून ठेवा. काही दिवसांनी त्यांतली एक चाल शब्दांवाचून, नुसती पेटीवर, आधी काळी एकमध्ये आणि मग काळी चारमध्ये वाजवा. गाण्याचे नाव सांगू नका. कोणती आठवण आली, तीत वास होता का, माणसे कोण होती, ते तारीख घालून लिहून ठेवा. महिन्याभराने तीच चाल पुन्हा वाजवा आणि दोन्ही टिपणे शेजारी ठेवून वाचा. आजीला रडू आले तर मात्र पेटी बंद करा आणि जवळ बसा. प्रयोग दुसऱ्या दिवशीही होईल.