किनाऱ्यापलीकडची प्रणाली आणि चौसाळ्याचा पाऊस : हवामान अंदाजातील अनिश्चिततेचे वाचन

प्रास्ताविक

बीडहून धाराशिवकडे जाणाऱ्या महामार्गावरील चौसाळा हे गाव बालाघाटच्या पठारी प्रदेशात वसलेले आहे. अरबी समुद्राचा किनारा येथून सुमारे 280 ते 300 कि.मी. अंतरावर, तर आंध्र प्रदेशातील कलिंगपट्टणमचा किनारा जवळजवळ 900 कि.मी. अंतरावर आहे. जवळच्या समुद्रातील वादळ आपणास अधिक घातक असणार, हा समज या अंतरांमुळे स्वाभाविकपणे दृढ होतो. "वादळ आपल्याकडे येणार का?" हा भूगोलाच्या वर्गात हमखास विचारला जाणारा प्रश्नही त्याच समजातून येतो. परंतु 2021 व 2025 या दोन वर्षांतील घटना पाहिल्या असता हा प्रश्नच सदोष आहे असे दिसून येते. या पठारावर ज्या प्रणालींनी सर्वाधिक नुकसान केले, त्या येथे पोहोचल्या तेव्हा वादळ म्हणून उरलेल्याच नव्हत्या. प्रस्तुत लेखात या विसंगतीची कारणे आणि अशा प्रसंगी अंदाज कसा वाचावा, याचे विवेचन केले आहे.

नाव वाऱ्याला, पावसाला नव्हे

भारतीय हवामानशास्त्र विभाग समुद्रावरील प्रणालींचे वर्गीकरण वाऱ्याच्या वेगावरून करतो. वाऱ्याचा वेग ताशी 31 ते 49 कि.मी. असल्यास 'अवदाब', 50 ते 61 असल्यास 'तीव्र अवदाब' आणि 62 कि.मी. वा अधिक झाल्यास 'चक्रीवादळ' अशी संज्ञा दिली जाते. नामकरण होते ते या शेवटच्या टप्प्यावर. ही पद्धती किनारपट्टी, बंदरे व मच्छीमार यांच्या दृष्टीने सर्वथा योग्य आहे, कारण त्यांचा संबंध प्रथमतः वाऱ्याशी व समुद्राच्या उधाणाशी असतो. पठारावरील शेतकऱ्याचा संबंध मात्र पावसाशी असतो आणि पावसाचे प्रमाण या वर्गवारीत कोठेही मोजलेले नाही.

'गुलाब' चक्रीवादळाने 26 सप्टेंबर 2021 रोजी सायंकाळी कलिंगपट्टणमच्या उत्तरेस किनारा ओलांडला. दुसऱ्या दिवशी तेलंगणाच्या दिशेने सरकताना ते क्रमाक्रमाने क्षीण झाले. वाऱ्याच्या हिशेबाने विषय संपला होता. परंतु 27 व 28 सप्टेंबर रोजी याच अवशिष्ट प्रणालीने मराठवाड्यात अतिवृष्टी घडविली. चौसाळ्याच्या दक्षिणेकडून वाहणाऱ्या मांजरा नदीवरील धनेगाव येथील धरणाचे सर्व 18 दरवाजे उघडावे लागले आणि खालच्या खोऱ्यात पूर आला. पुढे हेच अवशेष गुजरातमार्गे अरबी समुद्रात उतरले, तेथे पुन्हा बळावले आणि 'शाहीन' हे नवे नाव धारण करून 3 ऑक्टोबर रोजी ओमानच्या किनाऱ्यावर आदळले. म्हणजे एकाच प्रवाशाला पूर्वेस एक नाव व पश्चिमेस दुसरे नाव मिळाले. मधल्या प्रवासात, आपल्या डोक्यावर असताना, ते चक्रीवादळ उरलेले नव्हते.

हे कसे घडते? भूमीवर आल्यावर उष्ण समुद्राकडून होणारा ऊर्जापुरवठा तुटतो आणि घर्षणामुळे वारा मंदावतो. परंतु सप्टेंबरअखेर नैर्ऋत्य मोसमी वारे पूर्णतः माघारी गेलेले नसतात. पश्चिमेकडे सरकणारे कमी दाबाचे क्षेत्र त्या वाऱ्यांतील अरबी समुद्राचे बाष्प आपल्याकडे ओढून घेत राहते. शिवाय अशा पश्चिमगामी प्रणालीत सर्वाधिक पाऊस सामान्यतः केंद्राच्या नैर्ऋत्य भागात पडतो. केंद्र विदर्भावर असताना बीड-धाराशिवचे पठार नेमके त्याच भागात येते. नकाशावरील केंद्रबिंदू दूर आहे म्हणून निश्चिंत होणारा वाचक येथेच फसतो.

सप्टेंबर 2025 चा उत्तरार्ध या दृष्टीने अधिक बोलका आहे. लागोपाठच्या पावसाने बीड, धाराशिव व सोलापूर जिल्ह्यांत जमिनी आधीच गच्च भिजल्या होत्या. सीना व मांजरा खोऱ्यांत पिकांबरोबर मातीही वाहून गेली. त्यातच 27 सप्टेंबर रोजी ओडिशात गोपाळपूरजवळ किनारा ओलांडलेल्या अवदाबाचे अवशेष विदर्भ व उत्तर महाराष्ट्रमार्गे गुजरातकडे सरकले. अरबी समुद्रात गेल्यावर 3 ऑक्टोबर रोजी त्याचे चक्रीवादळ होऊन 'शक्ती' हे नाव पडले. त्याबरोबर 3 ते 7 ऑक्टोबर या काळासाठी महाराष्ट्राला चक्रीवादळाचा इशारा सर्वत्र प्रसृत झाला आणि त्यात मराठवाड्याच्या काही भागांतील मुसळधार पावसाचाही उल्लेख होता. वस्तुतः वादळाचे केंद्र गुजरातच्या किनाऱ्यापासून पश्चिमेकडे, म्हणजे आपल्यापासून दूर जात होते. पुढे ते कोणत्याही किनाऱ्यावर न धडकता समुद्रातच विरले. जे येऊन गेले त्याला नाव नव्हते आणि ज्याला नाव मिळाले ते निघून चालले होते! यात हवामान विभागाचा दोष काढणे अनुचित ठरेल. दोष असलाच तर नावाभोवतीच बातमी विणण्याच्या सवयीचा आहे.

जूनमधील चित्र याहून वेगळे असते. 'वायू' (2019) व 'बिपरजॉय' (2023) ही अरबी समुद्रातील वादळे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आली नाहीत, परंतु दोन्ही वर्षी मोसमी पावसाची राज्यातील वाटचाल रखडली. तेव्हा पेरणीच्या काळात न येणारे वादळही परिणामशून्य नसते.

अंदाजातील शब्द आणि शेतातील निर्णय

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चौसाळा परिसरात सोयाबीन कापणीला आलेले वा कापून पडलेले असते, कापूस वेचणीस येऊ लागतो, तूर उभी असते आणि रब्बी ज्वारीची पेरणी चालू किंवा तोंडावर असते. हस्त नक्षत्राचा पाऊस ज्वारीला हवा असतो. तोच पाऊस सोयाबीनच्या उघड्या गंजीवर पडला तर दाणे काळे पडतात, शेंगेतच कोंब फुटतात. कापणी लांबवावी तर शेंगा तडकून दाणे गळतात. या जोखमीत भर म्हणजे 2025 च्या खरिपासाठी सुधारित पीक विमा योजनेतून काढणीपश्चात नुकसानीचे संरक्षण वगळण्यात आले होते. तेव्हा दोन दिवसांच्या अंदाजावर एका कुटुंबाचे खरिपाचे उत्पन्न अवलंबून असते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

अशा वेळी अंदाजातील शब्द काटेकोरपणे वाचणे आवश्यक ठरते. 'तुरळक ठिकाणी' याचा अर्थ 'थोडा पाऊस' असा केला जातो, तो चुकीचा आहे. ही संज्ञा क्षेत्राविषयीची आहे: जिल्ह्यातील वा विभागातील 25 टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर पाऊस अपेक्षित आहे, एवढेच ती सांगते. प्रमाणाची संज्ञा वेगळी असते. 24 तासांत 64.5 ते 115.5 मि.मी. म्हणजे 'जोरदार', 115.6 ते 204.4 मि.मी. म्हणजे 'अति जोरदार'. म्हणून 'तुरळक ठिकाणी अति जोरदार पाऊस' या वाक्याचा अर्थ, बहुतेक गावे कोरडी राहतील आणि एखाद्या महसूल मंडळात ओढे फुटतील, असाही होऊ शकतो. दुसऱ्या दिवशी कोरड्या राहिलेल्या गावात 'अंदाज चुकला' असे म्हटले जाते, तेव्हा तो बहुधा चुकलेला नसतो.

समुद्रावरील प्रणालीच्या संभाव्य मार्गाभोवती नकाशात जो शंकूसारखा पट्टा काढलेला असतो, त्याचेही असेच आहे. तो केंद्राच्या मार्गातील अनिश्चितता दाखवितो, पावसाची व्याप्ती नव्हे. चौसाळा पट्ट्याबाहेर असूनही पावसात सापडू शकते.

मग निश्चित उत्तर नसताना निर्णय कसा घ्यावा? गंज झाकण्यासाठी ताडपत्री व मजुरी यांचा खर्च संभाव्य नुकसानीच्या एक दशांश आहे असे उदाहरणादाखल धरू. अशा स्थितीत पावसाची शक्यता 10 टक्क्यांहून अधिक असेल तरी झाकणे हिताचे ठरते; ती 50 टक्के होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. याउलट ज्वारीची पेरणी एक-दोन दिवस पुढे ढकलण्याचा तोटा मर्यादित, तर पेरणीनंतर लगेच अतिवृष्टी झाल्यास बियाणे दडपून दुबार पेरणीचा खर्च येतो. एकच टक्केवारी, पण दोन पिकांसाठी दोन वेगळे उंबरठे. ही त्रैराशिकाची बाब असून ती हवामानशास्त्राच्या विद्यार्थ्यापुरती मर्यादित नाही. अर्थशास्त्र व संख्याशास्त्राच्या तासालाही ती सहज मांडता येईल.

वेळ किती मिळतो, हेही 'गुलाब'च्या उदाहरणावरून सांगता येते. किनारा ओलांडल्यापासून मराठवाड्यातील अतिवृष्टीपर्यंत साधारण एक ते दीड दिवस गेला. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची कृषी हवामान पत्रिका मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होते. 26 सप्टेंबर 2021 हा रविवार होता. पुढील पत्रिकेचा मंगळवार उजाडला तेव्हा मांजरेला पूर आलेला होता. अशा दिवसांत पत्रिकेतील सल्ल्यावर न थांबता विभागाचा रोजचा जिल्हावार इशारा आणि ओडिशा-आंध्र किनाऱ्यावरील नोंदी पाहणे भाग आहे, मग त्या प्रणालीला नाव असो वा नसो.