बागेंतला मंडप

घरामागें थोडी मोकळी जागा असली, दोनचार मोगरे आणि एखादें लिंबाचें झाड तेथें मार्गाला लागलें, कीं संध्याकाळीं घटकाभर बसावयास छायेची जागा असावी, असें गृहस्थास वाटूं लागतें. हल्लीं ‘गझिबो’ या नांवानें तिचे तयार सांगाडे विकत मिळतात. वस्तु मात्र नवी नव्हे. कालिदासाची शकुंतला तिसऱ्या अंकांत भेटते ती मालिनीतीरावरील लतामंडपांतच. तथापि हिंगोलीकडे मंडप उभारणारानें चित्रें न्याहाळण्यापूर्वीं पायांखालची जमीन पाहावी.

कयाधूकांठच्या सपाटीवर काळी माती आहे. ती पावसांत फुगते आणि वैशाखांत भेगाळते. तिच्यावर नुसती फरशी घालून खांब उभे केले, तर कांहीं वर्षांत एक खांब वर आणि दुसरा खालीं अशी दशा होते. म्हणून खड्डे मुरुमापर्यंत न्यावे. मुरूम फारच खोल असल्यास काळी माती काढून मुरूम भरावा व पाणी मारून धुम्मसानें ठोकून घ्यावा.

खरा विचार छपराच्या वजनाचा. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीच्या भूकंपांत हजारों माणसें गेलीं, तीं मुख्यतः दगडमातीच्या जड भिंतीं व माळवदें अंगावर कोसळून. हिंगोली जिल्ह्यांतहि २०२४ सालीं, २१ मार्चला आणि पुन्हां १० जुलैला, ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. वसमत तालुक्यांतील पांगरा शिंदे येथें तर जमिनींतून येणारे आवाज लोकांच्या परिचयाचेच झाले आहेत. अशा मुलखांत चार सडपातळ खांबांवर सिमेंटची जाड स्लॅब टाकण्याची हौस घातक होय. मग ती कितीहि भारदस्त दिसो. लांकडाचा किंवा लोखंडी नळ्यांचा सांगाडा, खांबांच्या माथ्याशीं तिरके टेकू, वर पत्रा आणि पत्र्याखालीं उष्णतेसाठीं बांबूची चटई, एवढें पुरे.

पण छप्पर हलकें म्हटलें कीं वळवाच्या वाऱ्याचें भय आलेंच. चहूं बाजूंनीं मोकळ्या मंडपांत वारा खालून शिरतो आणि छप्पर उचलूं पाहतो. यासाठीं पत्रे सांगाड्याला आणि खांब पायांतल्या काँक्रीटला बोल्टांनीं पक्के जखडावे. लांकडी खांब मातींत पुरूं नये, लोखंडी बैठकीवर उभा करावा. वाळवी येथें कोणाची गय करीत नाहीं.

आतां ऊन. मेच्या तिसऱ्या आठवड्यांत हिंगोलीस सूर्य मध्यान्हीं थेट डोक्यावर येतो. तेव्हां छपराची सावली पुरते. छळतें तें चारपांचच्या सुमाराचें पश्चिमेचें तिरपें ऊन. त्या बाजूस जाळी लावून वेल चढवावी. गुळवेल औषधी खरी, पण कोरड्या दिवसांत तिचीं पानें झडतात, म्हणजे नेमकी गरज असतांना ती उघडी पडते. मधुमालती किंवा कृष्णकमळ, पाणी मिळाल्यास, अधिक उपयोगी. दक्षिण मात्र मोकळी ठेवावी. डिसेंबरांत दुपारचा सूर्य त्या बाजूस क्षितिजापासून सुमारें ४७ अंशांवरच असतो, आणि थंडींत म्हाताऱ्या माणसांना मंडपांत बसल्याबसल्या ऊन घेतां येतें.

ज्यांना एवढा खर्च नको, त्यांनीं पत्राहि वगळावा. वर बांबूंची चौकट व तारा बांधून मधुमालतीच पसरूं दिली, तर पाऊस अडणार नाहीं. परंतु उन्हाळ्यांत बसावयास जागा होईल, आणि डोक्यावर पानाफुलांखेरीज भार राहणार नाहीं.