धूर गेला तरी गर्दी राहील

मोटारीच्या प्रदूषणाची चर्चा सायलेन्सरपाशी सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते. म्हणून इलेक्ट्रिक गाड्या आल्या की काळजी मिटली, असं अनेकांना मनापासून वाटतं. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो थांबायलाच हवा. पण महाराष्ट्रातली बरीचशी वीज आजही कोळशावर तयार होते, टायर झिजून उडणारी धूळ बॅटरीच्या गाडीतही उडते, आणि एका माणसासाठी रस्त्यावर लागणारी जागा तर तसूभरही कमी होत नाही. मोटारीचं खरं ओझं या जागेत आहे. ती मिळवण्यासाठी शहर काय काय मोडतं, हे मुंबईत स्पष्ट दिसतं.

मार्च २०२४मध्ये मुंबईचा सागरी किनारा मार्ग टप्प्याटप्प्याने खुला होऊ लागला. मरीन ड्राइव्ह ते वरळी हे १०.५८ किलोमीटर. त्यावर महापालिकेचे सुमारे १४ हजार कोटी रुपये खर्च झाले आणि शंभराहून अधिक हेक्टर समुद्र बुजवला गेला. आता वर्सोव्यापासून भाईंदरकडे जाणाऱ्या टप्प्यात हजारो तिवरांवर गदा येते आहे. या मार्गावर दुचाकी आणि रिक्षांना मनाई आहे, बेस्टच्या बसफेऱ्या मोजक्या आहेत आणि पथकर नाही. सगळ्यांच्या पैशांतून झालेला रस्ता मुख्यतः मोटारवाल्यांच्या वाट्याला आला. दुसरीकडे, कधीकाळी साडेचार हजारांच्या आसपास असलेला बेस्टचा ताफा आज तीन हजारांच्याही खाली आहे आणि मे २०२५मध्ये साध्या बसचं किमान भाडं पाचाचं दहा रुपये झालं. बेस्ट तोट्यात आहे, हे कारण नेहमी पुढे केलं जातं. रस्त्याकडे मात्र नफ्यातोट्याचा हिशेब कोणी मागत नाही, हे मला अन्यायाचं वाटतं.

रस्ता मोकळा झाला की गाड्या कमी वेळ खोळंबतील आणि धूरही घटेल, असा युक्तिवाद होतो. सुरुवातीला तसं घडतंही. पण ड्युरँटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११मध्ये अमेरिकी शहरांचा अभ्यास मांडला, त्यात महामार्ग जितके वाढले, जवळपास त्याच प्रमाणात गाड्यांची धावही वाढलेली दिसली. वृद्ध, आजारी, रात्रपाळी करून परतणारी बाई यांना मोटार लागते, हा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मान्यच केला पाहिजे. मात्र इतरांना वेळेवर बस मिळाली, तरच यांच्यासाठी रस्ता मोकळा राहील. बसला स्वतंत्र मार्गिका दिली तरी उपयोग होत नाही, असं म्हणताना पुण्याच्या बीआरटीचा दाखला दिला जातो. २००६मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर रस्त्यावर सुरू झालेली ती मार्गिका जागोजागी तुटलेली होती आणि तिच्यात खासगी वाहनं सर्रास घुसत होती. पुढे पुण्याच्याच नगर रस्त्यावर घुसखोरी रोखण्याऐवजी मार्गिकाच उखडली गेली. तेव्हा त्या योजनेत बस हरली असं म्हणण्याआधी तिला अखंड रस्ता कधी मिळाला होता का, हे विचारावं लागेल.